गायकवाड मॅडमची चटणी

शेडमध्ये शिरल्यावर गायकवाड मॅडम आधी माणसांशी बोलायच्याच नाहीत. दारातल्या औषधाच्या पाण्यात बूट बुडवायच्या, दोन पावलं आत यायच्या, वाकून जमिनीवर अंथरलेलं भाताचं तूस मूठभर उचलायच्या आणि सरळ नाकाला लावायच्या. कोंबड्यांच्या घाणीनं भिजलेलं तूस! पहिल्यांदा हे पाहिलं तेव्हा मी दोन पावलं मागं सरले. इतकी वर्षं मी पोल्ट्री करते, पण हाताला वास राहिला तर अजून दोनदा साबण लावते. ही बाई मात्र डोळे मिटून, जवाहिऱ्यानं सोनं पारखावं तसा वास घेत उभी. मग डोळे उघडून म्हणाली, "हगवण लागलीय. अँटिबायोटिकची पावडर दिली असेलच तुम्ही?"

"दिलीय की. परवापासून दोन्ही वेळ," मी म्हटलं. "फरक पडलाय जरा."

"पाहिलं का, का नुसतं वाटलं?"

सकाळी मेलेली पिल्लं दाराशेजारच्या पाटीत पडलेली होती आणि ती पाटी आदल्या दिवशीपेक्षा जड होती. मॅडमनी त्यातलं एक उचललं, खाद्याच्या रिकाम्या पोत्यावर ठेवलं आणि कात्रीनं उघडलं. काळजावर साय धरावी तसा पांढरा थर होता. मला जवळ बोलावून त्यांनी तो दाखवला. "तुमच्या कोंबड्यांच्या पोटातले जंतू आता पावडर खाऊन ढेकर देतात, ताई," म्हणाल्या, "आणि तुम्ही म्हणताय फरक पडलाय."

मला असा राग आला म्हणता! घर माझं, शेड माझं, नुकसान माझं, आणि ही कोण कुठली बाई मला ऐकवतेय. पण खोटं तरी काय बोलली होती ती?

आमचं गाव चाकणच्या अलीकडचं. पुढची जमीन गोदामाला गेली, मागं दोन शेडं राहिली. आमचे हे कंपनीत शिफ्टवर, म्हणून पोल्ट्री मी बघते. माझं माहेर देहूरोडचं. लग्नाआधी मी कोंबडी फक्त ताटात पाहिली होती. त्यामुळं औषधवाला बबनशेठ सांगेल ते खरं मानायचं, हा इथला रिवाज मीही उचलला. पिल्लू आलं की पावडर, थंडी पडली की पावडर, काहीच झालं नाही तर होऊ नये म्हणून पावडर. सगळ्या गावाची हीच रीत होती.

मॅडम जनावरांच्या डॉक्टर. कुठल्याशा संस्थेत त्यांचा प्रकल्प होता. कोंबड्यांच्या रोगावर अँटिबायोटिकच्या जागी झाडपाल्याचं काही चालतं का, हे शोधायचा. पन्नाशीच्या आसपासची, बुटकी, वाळकी बाई. पिंपळे गुरवला एकट्या राहायच्या. स्कूटरच्या मागं थर्माकोलचा डबा बांधलेला असायचा, त्यात बर्फ आणि मेलेल्या पिल्लांच्या पिशव्या. आमच्या आळीतल्या बायकांनी पहिले आठ दिवस त्यांना मासेवाली समजून हाका मारल्या. एकीला तर त्यांनी थांबून शांतपणे सांगितलं, "बोंबील नाहीत, कलेजी आहे. पण खाण्यासारखी नाही."

"पाहिलं का, का नुसतं वाटलं?" हे त्यांचं वाक्य माझ्या कानात कायमचं बसलंय. ते मूळचं त्यांच्या वडिलांचं. वडील पिंपरीच्या एका कारखान्यात तयार मालाचं माप तपासायचे. दिवसभर हातात मापाचं गेज. घरी आल्यावर बायकोनं भात शिजलाय म्हटलं तरी विचारायचे, पाहिलं का, का नुसतं वाटलं? मॅडम सांगायच्या, "आई झारा घेऊन मारायला धावायची. पण माझ्या डोक्यात ते पक्कं बसलं." आणि बसलं म्हणजे असं बसलं की, या बाईच्या तोंडून 'मला वाटतं' हे शब्द मी त्या दिवसांत कधी ऐकले नाहीत. मुद्दाम एकदा विचारलं, "मॅडम, चहा कसा वाटला?" तर म्हणाल्या, "साखर जास्त आहे." घ्या!

त्यांचं औषध म्हणजे लसूण, ओवा, हळद आणि पेरूचा पाला. सगळं वाटायचं, पाण्यात कालवून गाळायचं, पाणी टाकीतून कोंबड्यांच्या पिण्याच्या भांड्यांत आणि चोथा खाद्यात. प्रमाण मात्र तोळामाशाचं. त्यात एक पाकळी इकडची तिकडे झालेली चालायची नाही. गावानं त्याचं नाव लगेच 'मॅडमची चटणी' पाडलं. बबनशेठ तर दुकानाच्या पायरीवरून ओरडायचा, "मॅडम, चटणी झाली, आता कोंबड्यांना भाकऱ्या कधी थापताय?"

मॅडम स्कूटर थांबवायच्या. "शेठ, पाल्याला पाला म्हणा. देव म्हणू नका आणि कचराही म्हणू नका. काय आहे ते मला बघू द्या." आणि निघून जायच्या.

मॅडम पहिल्यांदा आल्या त्या बॅचमध्ये, म्हणजे पिल्लांच्या त्या खेपेत, माझं अर्धं शेड रिकामं झालं, तेव्हा मीच त्यांना फोन केला. म्हटलं, तुमचं काय ते करून बघा, नाही तरी पक्षी मरतायतच. त्या आल्या आणि अटी घातल्या. एका शेडात नेहमीसारखी पावडर. दुसऱ्या शेडात फक्त चटणी, पावडरीचा कणसुद्धा नाही. दोन्हीकडे एकाच गाडीतली पिल्लं, एकच खाद्य, एकच पाणी. "आणि मधे कुणी हात घालायचा नाही," त्यांनी दोनदा बजावलं. "पक्षी मेले तरी मला फोन करायचा, दुसरं काही करायचं नाही."

हे सगळं आमच्या आत्याबाई ओसरीवर बसून ऐकत होत्या. आत्याबाई म्हणजे माझ्या सासूबाई. सत्तरी ओलांडलेल्या, कंबरेत वाकलेल्या, पण दोन्ही शेडांना सकाळचं पाणी देणं हे काम त्यांचं. मी लग्न होऊन आले तेव्हापासून त्या कामाला दुसऱ्याचा हात लागू दिला नव्हता त्यांनी. टाकी धुवायची, पाणी भरायचं, औषध कालवायचं, सगळं स्वतः.

पहिल्याच दिवशी त्यांनी मॅडमना विचारलं होतं, "गायकवाड म्हंजी कुठलं गायकवाड?"

आमच्याकडं या प्रश्नाचा अर्थ शेंबड्या पोरालाही कळतो. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मॅडमनी मात्र चहाचा कप खाली ठेवला आणि म्हणाल्या, "पिंपरीतले, आजी. कामगार वस्तीतले. घरात बाबासाहेबांचा फोटो आहे आणि बुद्धाची मूर्ती आहे. अजून काही विचारायचंय?"

मॅडम गेल्यावर तो कप आत्याबाईंनी वेगळा धुतला आणि कोनाड्यात पालथा घातला. मी भांडले. चांगली कडाकडा भांडले. म्हटलं, तुमच्या कोंबड्यांची घाण नाकाला लावते ती बाई आणि तुम्ही तिचा कप वेगळा ठेवता? त्या उठून शेडाकडं गेल्या आणि कप काही कोनाड्यातून हलला नाही.

तो हलवला लसणानं. चटणीला लसूण रोजचा ढीगभर लागायचा आणि सोलायला आत्याबाईंइतकं चपळ कोणी नव्हतं. मॅडम त्यांच्यासमोर जमिनीवर बसायच्या. सोलता सोलता आत्याबाई सांगायच्या, त्यांच्या सासूच्या काळी गावठी कोंबडीला मान टाकायचा रोग आला की कशाचा रस पाजायच्या. मॅडम विचारायच्या, "पाहिलं का, का नुसतं वाटलं?" एकदा आत्याबाई उसळल्या, "मंग काय सपान पडलं व्हय मला? ह्या हातानं पाजलाय. अर्ध्या वाचल्या, अर्ध्या मेल्या. खरं त्ये सांगती!"

मॅडम खदखदा हसल्या. त्यांना तसं हसताना मी तेवढ्या वेळीच पाहिलं. "आजी, असं खरं सांगणारी माणसं मला ऑफिसात हवीत," म्हणाल्या. त्यानंतर एका दुपारी बघते तर कोनाडा रिकामा, आणि त्या कपातून आत्याबाईच चहा पितायत. मॅडमच्या हातात आत्याबाईंचा स्वतःचा पेला होता, ज्याला मीसुद्धा कधी तोंड लावलं नव्हतं.

बॅच अर्ध्यावर आली असताना मॅडमना फोन आला. ओसरीतच बोलत होत्या, त्यामुळं आम्हा दोघींनाही ऐकू गेलं. संस्थेतल्या मोठ्या साहेबांचं म्हणणं होतं की, आधीच्या दोन गावांतून काहीच हाती लागलेलं नाही, ही बॅचही तशीच गेली तर प्रकल्प बंद. मॅडमनी फोन ठेवला. आत्याबाईंनी विचारलं, "काय गं, नोकरी जाती का काय तुजी?"

"नोकरी जाऊ दे, आजी. दहा वर्षं या पाल्यामागं आहे मी. हे बंद झालं की पुन्हा कोणी याच्याकडं बघायचं नाही. चांगला की वाईट, तेही कुणाला कळायचं नाही." एवढं बोलून त्या तूस बघायला गेल्या.

आणि काय सांगू, बॅच सोन्यासारखी गेली! मधे दोन-तीन दिवस चटणीच्या शेडात मर वाढली, माझा जीव टांगणीला लागला, पण नंतर एकदम थांबली. पक्षी तरतरीत, तूस कोरडं, वजनं पावडरीच्या शेडापेक्षा बरी. बातमी पसरायला वेळ लागला नाही. लोक शेडाच्या जाळीला नाक लावून बघून गेले. गावातल्या पेरूंना पानं राहीनात. बबनशेठ मला रस्त्यात अडवून म्हणाला, "वहिनी, आमच्या पोटावर पाय देताय राव तुम्ही," आणि या वेळी तो विनोद करत नव्हता. मॅडमनी समाजमंदिरात आसपासच्या पोल्ट्रीवाल्यांची बैठक ठरवली. त्यांचे साहेबही येणार होते.

बैठकीच्या आदल्या संध्याकाळी आत्याबाईंनी मॅडमना जेवायला थांबवलं. पिठलं-भाकरी, ठेचा, कांदा. स्वतः चुलीपुढं बसून भाकरी थापली, तव्यावरची गरम मॅडमच्या ताटात टाकली आणि त्यांच्याच शेजारी मांडी घालून बसल्या. चेहरा असा फुललेला की, घरात लग्न निघालंय असं वाटावं.

"मंग पोरी," म्हणाल्या, "ऱ्हायला का न्हाई तुजा मान?"

"राहिला, आजी."

"ऱ्हानारच! म्या बसली हाय न्हवं. त्या दिशी पाटीभर मेली बग पिल्लं, तवाच म्हनलं, ह्या पोरीचं नाक कापू द्यायचं न्हाई. तवापासनं रोज सकाळी पान्यात मूठ-मूठ पावडर टाकत व्हते. तुज्या चटनीचा रंग पिवळा, कुनाला कळतंय?"

माझ्या हातातला तांब्या हातातच राहिला. मॅडमचा घास अर्ध्या वाटेवर थांबला होता. त्यांनी आत्याबाईंकडं पाहिलं. त्या बाईच्या तोंडावर इतकं सुख होतं! आपण दिलेली भेट आता उघडून दाखवली, असं. मॅडमनी तो घास तोंडात घातला, चावला, गिळला. मग डॉक्टरच्या आवाजात एकेक विचारलं. कुठली पावडर, दोन्ही वेळ की एक वेळ, शेवटच्या दिवसापर्यंत का. आत्याबाई उत्साहानं सांगत गेल्या. मॅडमनी पानातली भाकरी संपवली, हात धुतला आणि "चांगली झाली होती भाकरी, आजी," एवढं म्हणून बाहेर आल्या.

मी मागं धावले. त्या स्कूटरवरच्या डब्याची दोरी बांधत होत्या. बांधायच्या, सोडायच्या, परत बांधायच्या.

"मॅडम, हे तुम्ही, मी आणि त्या, तिघींतच राहू द्या," मी म्हटलं. "पुढच्या बॅचला नीट करू. मी स्वतः पाणी देते. पण उद्या काही बोलू नका. तुमची दहा वर्षं आहेत हो!"

"सुमनताई, उद्या जमलेले सगळे माझ्या शब्दावर पावडर बंद करतील. मग रोग आला आणि चटणीनं अडला नाही, तर त्यांची शेडं रिकामी होतील. ते मी कशाच्या आधारावर करू?" दोरीची गाठ शेवटी बसली. "मी पाहिलेलं नाही ना काही. आता तर काहीच पाहिलेलं नाही."

दुसऱ्या दिवशी समाजमंदिर भरलं होतं. मॅडम उभ्या राहिल्या आणि पहिल्याच वाक्याला म्हणाल्या की, हा प्रयोग फुकट गेला आहे. चटणीच्या शेडातही औषध गेलेलं आहे, त्यामुळं चटणीचा गुण किती हे मला सांगता येत नाही, आणि माझ्या भरवशावर कोणी काही बंद करू नका. कुणी टाकलं, असा मागून गलका झाला. "चूक माझी," मॅडम म्हणाल्या. "पाणी रोज मी तपासायला हवं होतं." आत्याबाईंचं नाव काढलं नाही. आधी कुजबुज, मग एक हसला, मग सगळं समाजमंदिर हसलं. कोणीतरी ओरडलं, "मॅडम, चटणी तिखट झाली का?" साहेब चहाच्या आधीच गाडीत जाऊन बसले. चहा सगळ्यांना बबनशेठनं पाजला.

मला तेव्हा मॅडमचा भयंकर राग आला होता. खरं सांगते, आजही थोडा आहे. असलं कसलं खरं बोलणं, की स्वतःच्या हातानं स्वतःचं घर पाडायचं?

आत्याबाईंना मी सगळं समजावलं. "म्या तर तिच्यासाठीच केलं गं," एवढंच म्हणाल्या. पुढच्या रविवारी मॅडम आल्या तर या आतल्या खोलीतून बाहेर येईनात. प्रकल्प बंद झाला होता, मॅडम सुट्टीच्या दिवशी आपल्या आपण आल्या होत्या. त्या दारात उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "आजी, लसूण कोण सोलणार?" आत्याबाई डोळ्याला पदर लावत बाहेर आल्या आणि सुपात लसूण घेऊन बसल्या.

पुढची बॅच आम्ही खरी केली. आत्याबाई टाकी भरायच्या, पण चटणी ओतल्यावर हात वर करून मला दाखवायच्या, "बग गं, रिकामा हाय." मी हसायचे. त्या हसायच्या नाहीत.

या वेळी जे दिसलं ते ना धड आनंदाचं ना धड रडायचं. पहिल्या दिवसापासून चटणी मिळालेल्या पिल्लांची पोटं नीट राहिली, किरकोळ मर कमी झाली. मॅडमच्या चेहऱ्यावर जरा रंग आला. मग थंडीत तोच जुना रोग शिरला. आणि एकदा शिरल्यावर चटणीनं त्याला काही केलं नाही. मॅडमनी चार दिवस बघितलं, कुठलं औषध लागू पडतं याची तपासणी केली आणि स्वतःच म्हणाल्या, "आता पाला बंद. औषध द्यायला हवं, आणि जे लागू पडेल तेच, पूर्ण दिवस." ज्या बाईनं दहा वर्षं पावडरीशी भांडण केलं तिनंच माझ्या हातात औषधाची पुडी ठेवली. त्या तपासणीत बरीचशी औषधं निकामी निघाली होती, एक थोडंफार चालणारं होतं. तेही अर्धवटच चाललं. सकाळ झाली की आम्ही तिघी पाट्या घेऊन आत शिरायचो आणि मेलेली उचलायचो. मॅडम प्रत्येक पक्षी उलटून बघायच्या. "पाल्यानं आग लागू नये म्हणून जपता येतं," म्हणाल्या. "लागलेली विझवता येत नाही. एवढं आता मी पाहिलंय." दहा वर्षांची कमाई ती एवढी.

त्याच दिवसांत, मेलेल्या पक्ष्यांची पाटी बाहेर ओढताना दारच्या फाटक्या पत्र्यानं आत्याबाईंचा तळहात कापला. त्यांनी वर हळद दाबली आणि कुणाला सांगितलं नाही. मला कळलं तेव्हा हात कोपरापर्यंत सुजला होता आणि अंगात ताप मावत नव्हता. गावातल्या डॉक्टरनं इंजेक्शन दिलं, मग दुसरं दिलं, मग पिंपरीला मोठ्या दवाखान्यात न्यायला सांगितलं. तिथं सलाइनमधून एकामागून एक औषधं बदलत गेले. शेवटी तिथला तरुण डॉक्टर मला बाजूला घेऊन म्हणाला की, जखमेतले जंतू औषधांना दाद देत नाहीयेत, आम्ही प्रयत्न करतोय.

दाद देत नाहीयेत. हेच मी आधी दुसऱ्या शब्दांत ऐकलं होतं. शेडात, पोत्यावर उघडलेल्या पिल्लासमोर.

मॅडम रोज यायच्या. कॉटशेजारच्या स्टुलावर बसून आत्याबाईंचा चांगला हात हातात घ्यायच्या. एका दुपारी आत्याबाईंना जरा शुद्ध होती. मॅडमकडं बघून म्हणाल्या, "ह्यांच्या सुयांनी काय व्हईना बग. तूच लाव की तुजी चटनी माज्या हाताला."

मी मॅडमकडं पाहिलं. डोळ्यांनी विनवलं, हो म्हणा. लावू म्हणा. काय जातंय तुमचं?

"नाही, आजी," मॅडम म्हणाल्या. "त्यानं होणार नाही."

"कोंबड्यांची पोटं ऱ्हाती की त्यानं चांगली."

"ती आधीपासून दिली तर. आता नाही, आजी."

आत्याबाई त्यांच्याकडं बघत राहिल्या. मग सुकलेल्या ओठांनी हसल्या. "आगं, मरताना तरी खोटं बोल की माज्याशी."

मॅडमची मान खाली गेली. म्हणाल्या, "येत नाही हो मला."

"ठावं हाय," आत्याबाई म्हणाल्या आणि त्यांचा हात थोपटला. थोपटत होत्या त्या, ज्या मरत होत्या. दोन दिवसांनी त्या गेल्या.

दहाव्याला मॅडम आल्या तेव्हा मी आत निघून गेले. एक खोटं बोलली असती तर काय आभाळ कोसळणार होतं? म्हाताऱ्या बाईनं तिच्यासाठी स्वतःचा पेला दिला होता. मी कित्येक महिने त्यांचा फोन घेतला नाही.

लोकांनी मात्र गोष्ट लगेच जुळवली. समाजमंदिरात जे हसले होते, तेच आता कुजबुजायला लागले की, म्हातारी पावडरीनंच गेली म्हणे, रोज उघड्या हातानं कालवायची. एक-दोघं घाबरून मॅडमना शोधत पिंपळे गुरवला गेले. म्हणाले, मॅडम, हे तुम्ही गावात येऊन सांगा, आता सगळे ऐकतील, एका दिवसात पावडर बंद होईल. मॅडमनी सांगितलं, "मी ते पाहिलेलं नाही. पत्र्याचा गंज असेल, दवाखान्यातले जंतू असतील, शेडातले असतील. आजींच्या नावावर मी काही विकणार नाही." झालं, लोक परत आले आणि बबनशेठच्या दुकानात गेले. हे ऐकलं आणि माझा राग थोडा खाली बसला. अख्खं गाव ऐकायला तयार असताना ही बाई गप्प राहिली होती.

मागच्या वर्षी त्या हा भाग सोडून गेल्या. मराठवाड्यात कुठंतरी कॉलेजात शिकवायचं काम मिळालं. जायच्या आधी एका सकाळी स्कूटर दारात थांबली. मागं डबा नव्हता. त्या नेहमीसारख्या बूट बुडवून शेडात आल्या, वाकल्या, तूस उचललं, पण नाकाला नेलं नाही. तशाच मूठ धरून उभ्या राहिल्या. चटणी मी पहिल्या दिवसापासून देते, पावडर फक्त तपासणी करून, हे मी त्यांना सांगितलं. त्यांनी मान हलवली.

मग मी इतके महिने पोटात धरलेलं विचारलं. "मॅडम, आत्याबाई आमच्याच शेडातल्या जंतूंनी गेल्या का हो? त्या पावडरीनं पोसलेल्या?"

"पाहिलेलं नाही मी," त्या म्हणाल्या. मला माहीतच होतं.

आम्ही बाहेर आलो. त्यांनी मूठ उघडून तूस दाराशी टाकलं, हात झटकले, हेल्मेट घातलं. गाडी सुरू केली आणि परत बंद केली. काचेआडून त्यांचे डोळे मला नीट दिसत नव्हते, पण आवाज त्यांचा नेहमीचा नव्हता.

"पण वाटतं, ताई," त्या म्हणाल्या. "रोज वाटतं. त्या माझ्यासाठी पाण्यात हात घालत होत्या, आणि मला कळलं नाही."

मी काही बोलायच्या आत स्कूटर रस्त्याला लागली, कंटेनरच्या धुळीत दिसेनाशी झाली. मी टाकी धुवायला घेतली. सकाळचं पाणी द्यायचं राहिलं होतं, आणि ते काम आता माझं आहे.